स्वागतगीताले नाई म्हणणारी मोहुर्ले बाई

नाई म्हणजे नाई. मंजुषा मोहुर्ले बाईनं प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्याच सांगून टाकलं. समोर चहा येऊन पडला होता, त्याले बोटही नाई लावलं.

"अवो मॅडम, बसा तं खरं," प्राचार्य म्हणे. "मी कुठी काही वाकडं मांगून राह्यलो? बाहेरगावची समिती येऊन राह्यली कॉलेज पाहाले. त्यायले आपल्या भागाची संस्कृती दाखवाची का नाई? संगीत विभागानं आदिवासीयचा रेला नाच बसवाचा, त्या प्रिया मडावीले मधात उभी कराची. मोरपीस, कवड्या, लुगडे, सगळं भाड्यानं भेटते. झालं काम."

"संगीत विभाग ख्याल शिकवते सर. विभाग पाहाचा असन तं ख्याल ऐकावा लागन. प्रिया भीमपलासी गाईन."

"जंगलातली पोरगी भीमपलासी गाईन?" प्राचार्य हसले. वाईट नाई हसले, गमतीनं हसले, अन् बाईच्या डोक्यात जी आग गेली ती त्या गमतीनंच.

"काऊन? भीमपलासीनं जातीचा दाखला मांगतला का?"

मंग प्राचार्यांचं हसू बंद. पेन उचललं, ठेवलं. "मॅडम, तुम्ही तासिकेवर आहा. जूनमध्ये कोणाले तास द्यायचे ते मले ठरवा लागते. एवढंच ध्यानात ठेवा."

तासिकेवर म्हणजे काय, हे चंद्रपुरातल्या कोणत्याबी कॉलेजात विचारा. जितके तास घेतले तितके पैसे, उन्हाळ्यात काहीच नाई, अन् दरवर्षी जूनमध्ये नवीन हुकूम निघाला तं तुम्ही मॅडम, नाई निघाला तं तुम्ही कोणीच नाई. मोहुर्ले बाई अशीच किती वर्षं दर जूनची वाट पाहून मॅडम होत आली होती. ते तास म्हणजे तिचं सगळं होतं. नवरा नाई केला, घर नाई बांधलं, तुकूमच्या एका किरायाच्या खोलीत राहाची अन् सकाळी सातच्या आधी विभागाचं कुलूप उघडाची. विभाग म्हणजे सायकल स्टँडला चिकटलेली एक लांबट खोली. एका भितीपलीकडून गाड्यांचे हॉर्न, दुसऱ्या भितीपलीकडून कोळशाच्या ट्रका, अन् मधात पोरी बसून सा लावून राह्यल्या. सुरुवातीले नवीन पोरी म्हणत, मॅडम इथी ऐकूच येत नाई. बाई म्हणे, "ट्रकले नाई ऐकू आलं तं चालते. तुले आलं पायजे."

केबिनमधून निघाली तं पायरीवर तबल्यावाला नागसेन उभाच होता. हा विभागाचा साथीदार, तोबी तासिकेवरच, बाईच्याच वयाचा, जीभ अशी का कोणाचीच गय नाई.

"काय म्हणे साहेब?"

"रेला पायजे म्हणे. भाड्याच्या मोरपिसाचा."

"अन् तुम्ही काय म्हणलं?"

"नाई म्हणलं."

"घ्या," नागसेननं कपाळाले हात लावला. "मले विचाराचं तं होतं. मी जूनच्या किराण्याची यादी करून ठेवली होती बाई."

बाई हसली नाई. तिले तवा एकच गोष्ट दिसून राह्यली होती, अन् ती गोष्ट लय जुनी होती.

मंजुषा पोंभुर्ण्याकडच्या गावची. बाप नथ्थूभाऊ, धान लावणारा माणूस, भजनात झांज वाजवे. पोरीचा आवाज पाहून त्यानंच एसटीत बसवून तिले चंद्रपूरले गाणं शिकाले नेलं. पोरीनं जीव लावून शिकलं. पण आवाज उघडा, जाड, धानाच्या बांधीत उभं राहून धुऱ्यापलीकडे हाक मारणाऱ्या बायांचा असते तसा. शाळेत, मंग कॉलेजात, कोणी मोठा माणूस आला का बोलावणं ठरलेलं. मंजुषाले बोलवा, स्वागतगीत आहे. कोणाचा सत्कार, कोणाचं उद्घाटन, कोणाच्या हस्ते काय, सगळ्यायच्या पुढे मंजुषा उभी. काठाची साडी, हात जोडलेले, बाजूला हार घेऊन दुसऱ्या पोरी. दोन कडवे झाले का पावणे खुर्चीवर टेकत, अन् मंजुषा स्टेजच्या मागच्या दारानं बाहेर. एका साली तिनं युवक महोत्सवासाठी भीमपलासी तयार केला होता. उठता-बसता तोच राग. जाच्या आदल्या दिवशी गाण्याच्या सरांनी नाव काढून समूहगानात टाकलं. म्हणे, "तुहा आवाज समूहगानाले बरा. शास्त्रीयले जरा शहरातला आवाज लागते."

शहरातला आवाज! मंजुषानं समूहगान म्हणलं, बक्षिसाची ढाल घेऊन आली, अन् ढाल सरांच्या टेबलावर ठेवून घरी जाऊन बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. ती शिकली, परीक्षा दिल्या, एम.ए. केलं, शिकवाले लागली. पण स्टेजवर बसून राग गायाचं जे राह्यलं ते राह्यलंच. मात्र विभागात पाय ठेवला त्या दिवशी तिनं एक कायदा केला. आपल्या पोरी स्वागतगीत म्हणणार नाई. कोणीबी येवो. मंत्री येवो का संत्री येवो.

अन् त्या कायद्यात ही प्रिया येऊन बसली.

प्रिया मडावी मुलचेऱ्याच्या पलीकडची, जंगलातल्या गावातली. घरी मोहफूल, तेंदूपत्ता, थोडंसं धान. वसतिगृहात राहे. पह्यल्या दिवशी बाईनं विचारलं, काय येते? तिनं खाली पाहून म्हणलं, "सगळ्यायसंगं येते." म्हणजे काय ते बाईले तवा नाई समजलं. पण सा लावला अन् नागसेनचा हात तबल्यावर आपोआप थांबला. हंड्यात पाणी पडताना कसा आवाज भरत जाते, तसा तो आवाज.

सगळं चांगलं. फक्त एक खोड होती, अन् ती खोड काढता काढता बाईचं वर्ष गेलं. प्रिया बंदिशीची ओळ म्हणे अन् थांबे. तबला आपला चालू, सोळा मात्रा पूर्ण जात, प्रिया गप्प, डोळे बंद, मान थोडी तिरपी. मंग बरोबर समेवर परत ओळ उचले. पुन्हा गाणं, पुन्हा एक आवर्तन रिकामं.

नागसेन म्हणे, "अवो प्रियाबाई, थांबली कायले? बस चुकली का तुही?"

पोरी खिदळत. बाई पेन्सिलीनं पेटीवर टकटक करे. "गाणं मधात सोडाचं नसते! कोणाची वाट पाहून राह्यली?"

"तिकून येईन ना मॅडम."

"तिकून कोण येईन?"

"दुसरी ओळ. पोरीयची."

मंग समजलं. प्रियाच्या गावात रेला असाच. पोरीयच्या दोन रांगा, हातात हात, एक रांग म्हणते अन् दुसरी रांग तेच उचलून परत देते. जन्मापासून त्या पोरीचा गळा असाच शिकला होता, का आपण म्हणाचं अन् मंग समोरचीसाठी जागा ठेवाची. बाई म्हणे, "इथी समोर कोणी नाई. इथी तू एकटी आहेस. जागा भर." आलाप भर, बोल भर, तान भर, काही भर पण रिकामं नको ठेवू. प्रिया भरे. भरताना कपाळावर आठी पडे. अन् बाईचं ध्यान जरा इकडंतिकडं झालं का ती जागा परत रिकामी.

तं केबिनमधून आल्यावर बाई सरळ विभागात गेली अन् दारातूनच म्हणली, "प्रिया, समितीसमोर तू भीमपलासी गाऊन राह्यली. लाग तयारीले."

प्रिया उठून उभी राह्यली. खुश झाली नाई. ओढणीचं टोक बोटाले गुंडाळे, सोडे.

"मॅडम, मी रेला गातो."

"काय?"

"प्राचार्य सरांनी मले काल बोलावलं होतं. म्हणे रेला नाई झाला तं तुह्या मॅडमचे तास जातीन. मी गातो ना मॅडम. माहं काय जाते?"

बाई तिथीच चपलेसकट मटकन खाली बसली. जी बाई सतरंजीवर चप्पल घेऊन कोणाले येऊ देत नसे, ती.

"माह्या तासाचं ओझं तुह्या गळ्यावर ठेवलं त्यायनं? अन् तू ठेवू दिलं?"

"मंग काय करू?" प्रियाचा आवाज चढला. पह्यल्यांदा चढला. "तुम्हीबी तं मले विचारलं नाई. ते म्हणतात रेला गा, तुम्ही म्हणता भीमपलासी गा. मले कोणी विचारलं का?"

नागसेन तबल्याचा हातोडा हातात धरून तसाच. पोरगी खरं बोलून राह्यली होती अन् खरं असं तोंडावर आलं का ते काही वेळ जळजळते.

"बरं," बाई म्हणली. "विचारतो. रेला गाशीन?"

"त्यायच्यासमोर नाई. तो असा उभं राहून कोणाले दाखवाचा नसते मॅडम. अन् कॉमर्सच्या पोरी मोरपीस लावून माह्या बाजूनं उभ्या राहतीन, त्यायले एक शब्द येत नाई. हात धरला तरी ती रांग थोडीच होते?"

"मंग काय गाशीन?"

"भीमपलासी." प्रियानं मान वर केली. "पण ती जागा ठेवीन."

"कोणती जागा?"

"जी तुम्ही भराले लावता ती. ती भरली का मले असं वाटते का कोणाचा हात सोडून दिला. मी भीमपलासी गाईन तं माह्यासारखी गाईन. नाई तं नाई गात."

आता पाहा. बाई प्राचार्यांना भिडून आली होती या पोरीसाठी, अन् पोरगी बाईलेच भिडली! बाई भडकली. ख्यालात असं चालत नाई, परीक्षक मार्क कापतीन, लोकं म्हणतीन विसरली, माहं वर्ष पाण्यात घातलं तू, असं काय काय बोलली अन् दार आपटून निघून गेली. सायकल स्टँडपाशी जाऊन उभी राह्यली. नागसेन मागं आला.

"बाई, एक विचारू? सम चुकते का तिची?"

"नाई."

"एक मात्रा तरी इकडंतिकडं?"

"नाई बावा! नाई होत!"

"मंग रिकामी जागा ठेवली तं कोणाचं घर बुडालं? मी वाजवून राह्यलो ना त्या जागेत. का माहा तबला तुम्ही हिशोबातच धरत नाई?"

"परीक्षक म्हणतीन..."

"परीक्षा कुठी आहे? अन् मार्क कोण मांगून राह्यलं? शहरातला आवाज लागते म्हणून कोणी म्हणलं होतं तुम्हाले, तवा कसं लागलं होतं?"

समोरून ट्रक गेला, त्याचा धुरळा दोघांच्याबी अंगावर बसला. मंग बाईनं पदरानं तोंड पुसलं अन् म्हणली, "चल. तबला लाव. काळी चारच्या सुरात."

समितीच्या दिवशी सभागृह फुल्ल. पह्यल्या रांगेत सोफे, पाण्याच्या बाटल्या, गुलाबाचे बुके. प्राचार्यांनी बाईचं नाई मनावर न घेता आपली तयारी करून ठेवलीच होती. कॉमर्सच्या पोरी पडद्यामागं मोरपीस लावून तयार, लाऊडस्पीकरवर लावाले रेल्याची रेकॉर्डिंगबी तयार. फक्त मधात उभी कराले प्रिया पायजे होती. सूत्रसंचालन करणारा निकेश, बी.ए.चा पोट्टा, कागद पाहून म्हणे, "आता सादर होत आहे आपल्या मातीतलं आदिवासी रेला नृत्य..."

अन् स्टेजवर मोहुर्ले बाई आली. काखेत तानपुरा. तिच्या मागं सतरंजी घेऊन प्रिया, साध्या ड्रेसमध्ये, जो ती रोज कॉलेजात घाले तोच. तिच्या मागं नागसेन, दोन्ही हातात तबला-डग्गा, दातात हातोडीची पिशवी. कोणी काही म्हणाच्या आत सतरंजी पसरली बी. निकेश माईक हातात धरून बाईकडं पाहे, प्राचार्यांकडं पाहे.

"मॅडम, कागदावर तं रेला..."

"कागद ठेव बाजूला अन् मले माईक दे."

बाईनं माईक घेतला. "प्रिया मडावी. राग भीमपलासी." बस. ना आदरणीय, ना व्यासपीठावरील मान्यवर. माईक प्रियाच्या समोर ठेवला अन् सतरंजीवर बसली.

आता बसली कुठी, ते महत्त्वाचं. गाण्यात गुरू पुढं बसते अन् शिष्य मागं तानपुरा घेऊन बसते, हे लहान पोरालेबी ठाऊक आहे. शिष्य मागून सूर देते, गुरू दमला का त्याची ओळ उचलते. मागची जागा शिष्याची. मोहुर्ले बाई प्रियाच्या मागं जाऊन बसली. तानपुरा उभा केला, डोळे मिटले. पह्यल्या रांगेत समितीतले एक पांढऱ्या केसाचे सर, त्यायले गाणं समजत असावं, ते एकदम सावरून बसले.

प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले. पण आता काय करतीन? समितीसमोर कोणाले हात धरून उतरवता थोडीच येते.

प्रियानं आलाप केला. आवाज त्या पडद्यापर्यंत गेला, वरच्या पंख्यापर्यंत गेला, मागच्या बाकावर चिवडा खाणाऱ्या पोट्ट्यायचे हात थांबले. मंग बंदिश सुरू झाली. नागसेननं तीनताल धरला. पह्यली ओळ. सम. सुंदर.

अन् प्रिया थांबली.

तबला चालू. तानपुरा चालू. प्रिया गप्प, डोळे बंद, मान तिरपी.

सभागृहात कुजबुज. "विसरली वाटते." कोणीतरी मागून, "अरेरे." सोफ्यावरच्या एका मॅडमनं पोरीची लाज राखाले टाळ्या वाजवाले सुरुवात केली, म्हणजे चांगल्या मनानंच, पण तशा टाळ्या म्हणजे आता उठ बाई असंच असते. प्राचार्यांनी निकेशले खूण केली, घे माईक, आभार मान. निकेश दोन पावलं पुढं आला बी.

पण समेवर प्रियानं ओळ परत उचलली. जशीच्या तशी, टिकलीवर टिकली ठेवावी तशी. निकेश जागीच थबकला. ओळ झाली, सम झाली, अन् पुन्हा ती जागा आली. रिकामी.

सगळा हॉल त्या रिकाम्या जागेकडं पाहून राह्यला होता, जसं काही कोणी पडून राह्यलं अन् धराले हात नाई. बाईनं डोळे उघडले. समोर प्रियाची वेणी दिसून राह्यली होती. अन् बाईनं ती ओळ उचलली.

तोच उघडा आवाज. धुऱ्यापलीकडं हाक मारणारा. समूहगानाले बरा म्हणलेला. भीमपलासीचा कोमल गंधार त्या जाड आवाजात असा उतरला का नागसेनचं तोंड उघडंच राह्यलं, इतक्या वर्षांत त्यानं बाईले शिकवताना ऐकलं होतं, गाताना नव्हतं ऐकलं. प्रियानं मागं वळून नाई पाह्यलं. नुसती हसली. अन् पुढची ओळ म्हणली, जागा ठेवली, मागून बाईनं उचलून दिली. प्रियानं वर चढवली, बाईनं चढलेली परत आणून दिली. पुढं तं प्रिया अशा अशा जागी जाऊन राह्यली का बाईलेच धावा लागून राह्यलं. गुरूले! मागच्या रांगेत प्रियाच्या वसतिगृहातल्या पोरी होत्या, त्यायनं कधी एकमेकीचे हात धरले त्यायलेबी समजलं नाई.

संपलं तवा टाळ्या झाल्या. आता खऱ्या झाल्या. पांढऱ्या केसाचे सर उठून स्टेजपाशी आले अन् म्हणे, "ख्यालात असं कोणी करत नाही हं."

बाई म्हणली, "आम्ही करतो."

सरांनी मान हलवली. हो म्हणून का नाई म्हणून ते कोणालेच नाई समजलं, अन् बाईनं विचारलंबी नाई. मंग कॉमर्सच्या पोरी रेकॉर्डिंगवर नाचून गेल्या. जेवण झालं. समिती गेली.

प्राचार्य विभागात आले, हे पह्यल्यांदाच. चप्पल घालून सतरंजीवर आले.

"तुम्ही माझा अपमान केला मॅडम."

"चप्पल काढा सर," बाई म्हणली.

जूनमध्ये हुकूम निघाला, त्यात बाईचं नाव नव्हतं. झालं ते झालं. शिपाई इसरूभाऊ तुकूमच्या खोलीवर आला, मान खाली घालून म्हणे, "बाई, साहेबांनी तानपुरा परत मांगतला."

"तानपुरा माहा आहे इसरूभाऊ. कॉलेजचा तो भोपळा फुटलेला, कपाटावर आहे. साहेबाले सांगा, त्याच्यावरच स्वागतगीत बसवा."

इसरूभाऊ हसू दाबत गेला.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीच्या दारात चपला दिसल्या. प्रियाच्या, वसतिगृहातल्या दोघीतिघींच्या, अन् एका कॉमर्सच्या पोरीच्या, जिनं मोरपीस लावलं होतं. दिव्यानी नाव तिचं. म्हणे, "मॅडम, मले रांगेत उभं राहाचं आहे. खऱ्या." नागसेन तबला घेऊन आला अन् म्हणे, "किराण्याची यादी कापली बाई, निम्मी केली. आता चहा तुमच्याकडं." घरमालकीण जिन्यावरून वरडली, "हे आ आ किती वेळ चालन?" बाई म्हणली, "गळा दमतपर्यंत." ती रोज विचारते, बाई रोज तेच सांगते. बाईले शिकवण्या कराव्या लागतात, भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत जाऊन लहान पोरायले सारेगम शिकवा लागते, एसटीत उभं राहून यावं लागते. तरी सकाळी सातच्या आधी दार उघडं.

परवाची गोष्ट. बाईचा फोन वाजला. बाईचे हात तानपुऱ्याच्या तारेत गुतले होते, म्हणून प्रियानं उचलला. कोणत्यातरी मोठ्या कार्यक्रमाचे लोकं होते. मोठे पावणे येऊन राह्यले, म्हणे, तुमच्या पोरीयचं एक छान स्वागतगीत ठेवा, पारंपरिक वेशभूषा असली तं अजून चांगलं.

बाईनं हात पुढं केला, दे फोन, मी सांगतो म्हणून. प्रियानं फोन दिला नाई. भितीले टेकून, मान थोडी तिरपी करून ऐकत राह्यली, समोरच्याचं पूर्ण होऊ दिलं. मंग म्हणली, "स्वागतगीत नाई. भीमपलासी आहे. पावण्यायले बसावं लागन, अन् मधात टाळ्या वाजवाच्या नाई. जमन का?"

तिकून काही तरी उत्तर आलं. प्रियानं फोन खाली ठेवला अन् सतरंजीवर येऊन बसली, पुढं.

"काय म्हणे?" बाईनं विचारलं.

"विचारून सांगतो म्हणे," प्रिया म्हणली. "सा द्या मॅडम."